खालच्या फळीवरच्या चाळीस वड्या

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की या घरात कोणी कोणाला हाक मारायची नाही, असा दंडक होता. बाकीचे सहा दिवस दूधवाले, कामगार आणि गिऱ्हाइकं हाका मारतच असत. म्हणून त्या रविवारी अडीच वाजता आप्पांनी लोण्याच्या कारखान्याची घंटा बडवली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, कुठेतरी आग लागली. लागली होतीच, पण ती आप्पांच्या डोक्यात.

मधली सून ओले हात पदराला पुसत बांधणीच्या खोलीत शिरली, तेव्हा बाकी मंडळी लांब संगमरवरी टेबलाभोवती जमली होती. आप्पा उभे होते. रविवार असूनही त्यांनी अंगात पांढरा डगला चढवला होता. तो डगला म्हणजे न्यायाधीशाचा झगा, हे घरातल्या कोणालाही सांगावं लागत नसे. टेबलाच्या मधोमध अर्ध्या किलोची एकच वडी ठेवलेली होती. पांढरा बटर पेपर, त्यावर हिरवी पट्टी.

मधली दारातच थबकली. ती पट्टी तिनेच छापून आणली होती.

तिने टेबलापलीकडे बसलेल्या धाकट्या दिराकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. छताला पाहण्यासारखं काही नव्हतं.

"बस," आप्पा म्हणाले. "मधला कुठाय?"

"टँकर घेऊन गेलेत. रात्र होईल यायला."

"त्याचं नशीब चांगलं."

मधली बसली. उजव्या हाताला थोरली जाऊ, समोर थोरले दीर, त्यांच्याशेजारी धाकटा, आणि टेबलाच्या टोकाला सासूबाई, म्हणजे माई. माईंनी वाटीभर शेंगा सोलायला आणल्या होत्या. घरावर वीज पडली तरी त्या शेंगा सोलून संपवतील आणि मगच उठतील, अशी त्यांची ख्याती होती.

"आज सकाळी मी बेकरीत गेलो होतो," आप्पांनी सुरुवात केली. "तीस वर्षांचं गिऱ्हाईक. बाई आपली मागणी निम्म्यावर का आणते, ते विचारायला गेलो. बाई म्हणते, आप्पा, रागावू नका, लोक आता बिस्किटांत हे घातलेलं मागतात. शाळेच्या कँटीनमध्ये हे. इस्पितळात हे. समोरच्या हॉटेलात तर आधी विचारतात म्हणे, दुधाचं की झाडाचं? झाडाचं! उद्या विचारतील, अंडं कोंबडीचं की वेलीचं?"

धाकट्याला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात बुडवलं.

"हसा. पाल्याचं लोणी आहे ते. गायीने जे पोटात घालून त्याचं दूध करायचं, ते हे लोक गायीला वगळून थेट कागदात बांधतात. चालू द्या. ज्याला खायचं त्याने खावं. जग वाकड्या वाटेने गेलं म्हणून मी काठी घेऊन मागे धावत नाही." आप्पांनी वडी उचलली आणि पट्टीची बाजू खाली करून पुन्हा ठेवली. "पण ही घडी बघा."

सगळे पुढे वाकले. मधलीही वाकली.

वडीच्या डोक्यावर कागदाचं शेवटचं पान आत खोचलेलं होतं आणि कोपऱ्यावर अंगठ्याचा चिमटा होता. नीट, घट्ट, नखाएवढा.

हा चिमटा या घराबाहेर जगात कोणी काढत नसे. आप्पांच्या आईने तो काढला, तेव्हा कारखाना म्हणजे घुसळणीचं एक पिंप आणि हे टेबल एवढंच होतं. घरातला प्रत्येकजण ही घडी शिकला, सुनाही शिकल्या, आणि अक्षरासारखा प्रत्येकाचा चिमटा वेगळा पडला. थोरलीचा बारीक आणि आखडलेला, तिच्यासारखाच. थोरल्याचा पसरट. म्हातारीचा नियम एकच होता: ज्याची घडी, त्याचा माल. कधी एखादी वडी परत आली, तर ती या टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, कोणाची घडी? ज्याची असेल त्याने हात वर करायचा. त्या घरात खोटं बोलायला बऱ्याच जागा होत्या, पण हे टेबल त्यातली नव्हती.

"म्हणजे घरातलंच कोणीतरी हे करतंय," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात जितकं दुःख हवं होतं त्यापेक्षा थोडं कमीच होतं. बोलताना तिने धाकट्याकडे पाहिलं, मग मधलीकडे.

"घरातलंच," आप्पा म्हणाले. "आणि ऐकून ठेवा. ज्याची ही घडी असेल, त्याने या खोलीचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. मुलगा असो, सून असो."

मधलीने मांडीवरचा हात घट्ट धरला. बावीस वर्षं ती या खोलीत काम करत होती. लग्न होऊन आली त्या आठवड्यात माईंनी तिला घडी शिकवली होती आणि तेव्हापासून ती दुसऱ्यांनी घुसळलेलं लोणी कागदात बांधत आली होती. पिंपाला हात लावायचा तो घरात जन्मलेल्यांनी. असं कोणी ठरवलं, हे विचारायला गेलं तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. चार महिन्यांपूर्वी मागच्या वजनाच्या खोलीत तिने पहिल्यांदा खोबऱ्याचं तेल, सूर्यफुलाचं तेल आणि विरजलेलं काजूचं दूध बर्फाच्या पाण्यात धरून घुसळलं. पहिले अकरा घाणे फुटले. बाराव्याला ते जमलं, फिकट पिवळं आणि चमकदार. तिने बोटाने चाटून पाहिलं आणि ती तिथेच स्टुलावर बसून रडली. आयुष्यात काहीतरी तिने स्वतः केलं होतं. आज तेच तिला या खोलीतून बाहेर काढणार होतं.

पण एक गोष्ट तिला उमगत नव्हती. ही घडी तिची नव्हती.

असणारच नव्हती. आपला चिमटा ओळखला जाईल, म्हणून ती आपल्या वड्या मुद्दाम डाव्या हाताने, चिमटा न काढता, कशातरी गुंडाळत असे. शनिवारी संध्याकाळी चाळीस वड्या थंड खोलीतल्या खालच्या फळीवर रचायच्या, रविवारी सकाळी सहाला धाकट्याने त्या गाडीत घालायच्या, गाडीतच हिरव्या पट्ट्या लावायच्या आणि बाजारात न्यायच्या. गबाळ्या, ओबडधोबड वड्या. त्यावर हा राजबिंडा चिमटा आला कुठून?

तिने पुन्हा धाकट्याकडे पाहिलं. आता तोही तिच्याकडेच पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत सरळ सरळ लिहिलं होतं: वहिनी, एवढी हुशार तुम्ही, आणि आपल्याच घरची घडी घातलीत?

तिने डोळ्यांनीच उत्तर दिलं: मी नाही, शहाण्या, तूच काहीतरी उद्योग केला असशील.

"काय खाणाखुणा चालल्यात?" आप्पा गरजले.

"डोळ्यात कुसळ गेलं," धाकटा म्हणाला.

"दोघांच्या?"

"आप्पा, मी काय म्हणतो," थोरला मधे पडला. थोरला पन्नाशीचा होता, पण आप्पांसमोर बोलताना अजून खुर्चीच्या कडेवर बसे. "आपण आपल्या मालाकडे लक्ष द्यावं. तुम्हीच म्हणालात ना, शनिवारचा माल हल्ली फार छान उतरतोय म्हणून. चार महिन्यांत तीनदा म्हणालात."

"म्हणालो. हाताला लोण्यासारखं लोणी लागतंय. मऊ, पण ढिलं नाही. तीस वर्षांत तुला पहिल्यांदा घुसळण जमली."

थोरल्याचा चेहरा उजळला. तीस वर्षांत वडिलांकडून मिळालेली ही एकुलती एक शाबासकी होती आणि तो ती बक्षिसाच्या कपासारखी येता-जाता पुसून ठेवत असे. मधलीला त्याची दया आली. शनिवारचा माल म्हणजे जुन्या सुट्या गिऱ्हाइकांच्या चाळीस वड्या. आठवड्याचा बाकी माल यंत्र बांधी, पण या चाळीस हाताने बांधायच्या आणि त्या माईंनीच बांधायच्या, हा आप्पांचा हट्ट. चार महिन्यांपूर्वी थोरल्याने त्याही गुपचूप यंत्रावर टाकल्या आणि शुक्रवारीच रवाना करायला लागला. हे आप्पांना सांगायची छाती कोणाची नव्हती. माई म्हणाल्या, "सांगूच नका. मी आपली शनिवारी पाच ते सात बांधणीला म्हणून जात जाईन." आणि त्या जातही होत्या. पुढच्या दाराने बांधणीच्या खोलीत आणि मागच्या दाराने शिंपिणीकडे पत्ते खेळायला.

रिकामी खोली, शनिवारच्या मालाची रिकामी फळी, आणि सासूला परत यायला सात वाजणार. मधलीने फक्त ती जागा वापरली. माईंनी कधी विचारलं नाही, सूनबाई, वजनाच्या खोलीत खोबऱ्याचा वास कसला? मधलीनेही कधी विचारलं नाही, माई, आज जिंकलात की हरलात? इतका सलोखा घरात दुसऱ्या कोणत्याच दोन माणसांत नव्हता.

"उगाच पाल्हाळ नको," आप्पा म्हणाले. त्यांनी कपाटातून कोऱ्या कागदाचा गठ्ठा काढला आणि थंड खोलीतून आणलेल्या वड्या टेबलावर मांडल्या. "प्रत्येकाने एक बांधायची. माझ्यासमोर. चिमटा बोलेल."

थोरली आनंदाने पुढे झाली. तिच्या मनात पाप नव्हतं आणि इतरांचं उघडं पडायचं होतं. असा योग रोज येत नाही. तिने दोन मिनिटांत वडी बांधली, बारीक आखडलेला चिमटा काढला आणि हात घडी घालून बसली. "बघा बाई. आमचं काही लपवायचं नाही."

"तुमचं नसेल. तुमच्या यजमानांचं..." धाकट्याच्या तोंडून निसटलं.

थोरल्याने टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती लागली माईंना.

"माझ्या पायाने काय केलं?" माई शांतपणे म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली.

थोरल्याने बांधली. पसरट चिमटा, ओळखीचा. धाकट्याची पाळी आली तेव्हा त्याने वडी अशी गुंडाळली की बघणाऱ्याला वाटावं, पैलवानाला झबलं घातलंय. आप्पांनी ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. "तू असतास तर बेकरीवालीने माल घेतलाच नसता."

"म्हणजे मी सुटलो?"

"नापास होऊन सुटलास. आता मधली."

मधलीने कागद ओढला. आता डाव्या हाताने बांधण्यात अर्थ नव्हता, आप्पांना तिची घडी ठाऊक होती. तिने बावीस वर्षांच्या सवयीने दुमडलं, खोचलं आणि चिमटा काढला. गोल, किंचित वर उचललेला. आप्पांनी तो हिरव्या पट्टीच्या वडीशेजारी धरला. चष्मा नाकावर खाली केला, मग वर केला.

"नाही," ते म्हणाले. "तुझी नाही." त्या आवाजात इतकी सुटका होती की मधलीला चपराक बसल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला ती गुन्हेगार ठरायला नको होती. आणि ती इथे साळसूद चेहरा करून बसली होती.

"मग उरलं कोण?" थोरली म्हणाली. तिने टेबलावर नजर फिरवली आणि ती माईंवर येऊन थांबली. सगळ्यांचीच थांबली.

माईंनी शेंगांची वाटी सरकवली. "द्या इकडे कागद."

"तू नको," आप्पा घाईने म्हणाले.

"का? मी घरातली नाही?"

"तसं नाही. तुला काय करायचंय या भानगडीत. बस तू."

"मी बसलेलीच आहे. कागद द्या."

"तू नको म्हणतो ना!" आप्पांचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. मधलीने चमकून पाहिलं. ज्या माणसाने पोरांना आणि सुनांना क्षणापूर्वी खोलीबाहेर काढायची भाषा केली होती, त्याचे कान लाल झाले होते. तो घाबरला होता.

माईंनी स्वतःच हात लांब करून कागद घेतला. वडी ठेवली. त्यांचे हात कागदावरून सर्रकन गेले, दोन दुमडी, खोचणी, आणि टचकन चिमटा. उभा, कडक, नव्या नोटेसारखा. बघता बघता झालं. शिंपिणीकडे दर शनिवारी दोन तास पत्ते पिसून बोटं अशी तयार झाली होती, हे फक्त मधलीला ठाऊक होतं.

आप्पा त्या वडीकडे बघत राहिले.

"तुझे हात तर ठीक आहेत," ते हळूच म्हणाले.

"माझ्या हातांना काय धाड भरली?"

"थरथरत नाहीत."

"अहो, का थरथरावेत?"

आप्पा खुर्चीवर बसले. घंटा वाजवल्यापासून ते पहिल्यांदा बसले. "मग शनिवारच्या घड्या... त्या तशा का असतात?"

"कशा?"

"कशातरी. कोपरे लोंबलेले. चिमटाच नाही." आप्पा टेबलाशी बोलल्यासारखं बोलत होते. "चार महिने झाले. रविवारी पहाटे पाचला थंड खोलीत जातो मी, तर खालच्या फळीवर चाळीसच्या चाळीस वड्या गबाळ्या. मला वाटलं, हिचे हात गेले. पण बोलत नाही, पोरांना कळू नये म्हणून. मग मी..." ते थांबले.

"मग तुम्ही काय?"

"काही नाही. उलगडल्या आणि पुन्हा बांधल्या. दर रविवारी. तुला कोणी काही बोलायला नको, म्हणून."

थोरलीसुद्धा खाली बघायला लागली. अख्ख्या संसारात आप्पांनी माईंना एक गजरासुद्धा सगळ्यांदेखत दिला नव्हता, आणि हा माणूस चार महिने पहाटे थंड खोलीत कुडकुडत चाळीस वड्या पुन्हा बांधत होता. मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामागोमाग दुसरा विचार आला आणि डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी गोठलं.

खालची फळी. चाळीस वड्या.

धाकट्यालाही तो विचार त्याच क्षणी आला असावा, कारण त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि त्याचे खांदे गदगदायला लागले.

माईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. त्यांनी हिरव्या पट्टीची वडी जवळ ओढली, चिमट्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू पसरलं की मधलीला त्या नव्या नवरीसारख्या दिसल्या.

"अगं बाई," माई म्हणाल्या. "मी मघापासून बघतेय, चिमटा ओळखीचा वाटतोय, पण आठवेना. लग्नानंतर पहिली तीन वर्षं मदतीला माणूस नव्हता. तेव्हा हे आणि मी या टेबलाशी बसून बांधायचो. त्यानंतर यांनी कागदाला हात लावला नाही." त्यांनी वडी आप्पांपुढे सरकवली. "घ्या. तुमची राहिली बांधायची."

"माझी कशाला?"

"प्रत्येकाने एक, असं तुम्हीच म्हणालात. चिमटा बोलेल."

आप्पांनी कागद घेतला. बोटं जाड होती, पण चुकली नाहीत. दुमड, दुमड, खोचणी, चिमटा. नीट, घट्ट, नखाएवढा. दोन्ही वड्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," माई म्हणाल्या.

आता धाकट्याचा बांध फुटला. तो टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. "बेकरीवाली मला म्हणाली होती," तो धापा टाकत म्हणाला, "लोक ही घडी बघून घेतात! जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, हाताने बांधलेलं आहे, म्हणजे आप्पांच्याच घरचं काहीतरी नवं असणार! आप्पा, पाल्याचं लोणी तुम्ही खपवलंत!"

"तुला काय माहीत बेकरीवाली काय म्हणाली?" थोरलीने विचारलं.

धाकटा हसायचा थांबला.

आप्पा मात्र तिकडे नव्हतेच. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. याच हाताची गावात कीर्ती होती. कागदावरून फिरवला की सांगे, लोणी कालचं की परवाचं, पाणी किती राहिलं, गायीचा चारा कोणता. "चार महिने," ते म्हणाले. "दर आठवड्याला चाळीस. आणि याला कळलं नाही."

"कळलं की," माई म्हणाल्या. "मऊ, पण ढिलं नाही. तुम्हीच म्हणालात."

थोरल्याचा चेहरा पडला. तो बिचारा आतापर्यंत सगळं जरा उशिराने समजून घेत होता, आणि आता त्याला समजलं. "म्हणजे ती शाबासकी..." तो म्हणाला आणि पुढचं बोलला नाही. थोरलीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी ठेवला असावा, कारण तो दचकला.

"ते राहू दे," आप्पा म्हणाले. "आधी हे सांगा. ही बांधत नव्हती, तर त्या वड्या कोणाच्या?"

इथे मधलीला गप्प बसता आलं असतं. तिची घडी जुळली नव्हती. धाकटा मेला तरी बोलला नसता, माई तर कधीच नाही. चिमट्याने तिला सोडून दिलं होतं. तिने आप्पांकडे पाहिलं. म्हातारा तो हात मांडीवर उलटा टाकून बसला होता, एखादं मोडलेलं अवजार ठेवावं तसा, आणि तिला ते बघवेना.

"मी केल्या," ती म्हणाली.

आप्पांनी मान वर केली.

"वजनाच्या खोलीत करते. शनिवारी. घडी ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने बांधायचे. चोरून केलं, हे चुकलं. पण केलं, हे चुकलं असं मला वाटत नाही, आप्पा. लोक मागतात. कोणाला दूध सोसत नाही, कोणाला नको असतं, कोणाला नुसतं आवडतं. आज ना उद्या कोणीतरी देणारच होतं. मी दिलं." तिने थेट आप्पांकडे पाहिलं. "आणि तुमच्या हाताला काही झालेलं नाही. त्याने चांगल्याला चांगलं म्हटलं. बावीस वर्षांत मी केलेल्या एखाद्या गोष्टीला कोणी पहिल्यांदा चांगलं म्हटलं, आणि ते ऐकलं थोरल्या भाऊजींनी."

थोरला मधलीकडे बघून अवघडल्यासारखा हसला. त्याने आपला बक्षिसाचा कप तिच्यापुढे सरकवला असता, तो खरा असता तर.

आप्पा उठले. "मी काय म्हणालो होतो? ज्याची घडी असेल, त्याने काय?"

मधली खुर्ची मागे सारून उभी राहिली. तिने एकदा टेबलाकडे पाहून घेतलं.

"तू कुठे निघालीस?" माई म्हणाल्या. "ज्याची घडी, त्याचा माल. सासूबाईंचा नियम आहे, माझा नाही. घडी यांची आहे. जायचं यांनी."

"अगं, पण..." आप्पा म्हणाले.

"का हो, नियम सुनांपुरताच होता?"

आप्पांनी माईंकडे पाहिलं. माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आप्पांनी डगल्याची बटणं एकेक करून सोडली, डगला काढून खुंटीला लावला आणि ताठ मानेने चालत उंबरा ओलांडून अंगणात जाऊन उभे राहिले. तिथे ऊन होतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"आता?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"आता काय, शिक्षा झाली," माई म्हणाल्या. "एका चोरीला दोघांना फाशी नसते. सूनबाई, तू बस."

"आणि मी किती दिवस बाहेर?"

"बघू. मला विचार करायला वेळ लागेल. शनिवारी तर मी कामात असते."

"कसल्या कामात? बांधत तर नाहीस!"

माईंनी शेंगांची वाटी पुन्हा जवळ ओढली. "ते दुसऱ्या रविवारी विचारा. सगळंच एका दिवशी उघडं करू नये, घराला सोसत नाही."

धाकटा पुन्हा हसला, आणि या वेळी थोरलीसुद्धा. आप्पांनी अंगणात दोन येरझाऱ्या घातल्या. मग उंबऱ्याला पाय न लावता चौकटीला टेकून उभे राहिले.

"ए मधली," ते म्हणाले. "डावा हात म्हणे! ज्या मालावर आपली घडी घालायची लाज वाटते, तो करू नये. आणि लाज वाटत नसेल तर घडी बांधावी नीट. थंडीत माझी बोटं गेली ना चार महिने."

"हो, आप्पा."

"हो काय? ती सोड."

मधलीने हिरव्या पट्टीची वडी जवळ घेतली. पट्टी अलगद सोडवली. आप्पांचा चिमटा उलगडताना तिला उगाच वाईट वाटलं, इतका तो देखणा होता. कागद सरळ केला. आत फिकट पिवळी वडी होती, कडा अजून धारदार. तिने उजव्या हाताने दुमडलं, पुन्हा दुमडलं, खोचलं, आणि कोपरा अंगठ्यात धरला. टचकन चिमटा काढला. गोल, किंचित वर उचललेला. मग तिने ती वडी टेबलाच्या मधोमध ठेवली.

चौकटीतून आप्पांनी मान लांब करून पाहिलं. मग घसा खाकरला आणि मघापेक्षा मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात विचारलं, "कोणाची घडी?"

मधलीने हात वर केला.

"माझी."